ग्रीनच्या कडेवरून चिप मारताना

गोल्फमध्ये ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीच्या, कडेवरून तुमची चिप (चेंडू थोडा उचलून पुढे घरंगळू देणारा छोटा फटका) नीट बसत नाही, असे तुम्ही म्हणता. चेंडू तिथे असताना तुम्ही दर वेळी ५६ अंशांचा सँड वेज (चेंडू उंच उडवणारा, खूप तिरक्या तोंडाचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) काढता, हीच मला मुख्य अडचण वाटते. मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) नसेल तर त्याहून कमी तिरक्या तोंडाचा पिचिंग वेज घ्यावा. त्याने मारलेला चेंडू साधारण एक भाग हवेतून आणि दोन भाग जमिनीवरून घरंगळत जातो, म्हणून भोकातल्या झेंड्यापेक्षा चेंडू जिथे टेकवायचा ती जागा आधी निश्चित करावी. उजव्या हाताने खेळत असाल तर वजन डाव्या पायावर ठेवावे. चेंडू मनगटाने उचलण्याचा मोह मात्र घातक आहे, कारण मग क्लबची कड चेंडूच्या मध्यावर बसते आणि तो ग्रीन ओलांडून थेट पलीकडच्या गवतात जातो. माझे कितीतरी फटके असेच वाया गेले आहेत. कडेचे गवत बारीक कापलेले असेल तर संकोच न करता पटर (चेंडू जमिनीवरूनच घरंगळवणारा क्लब) वापरावा.