वाचकांचे प्रश्न : घरच्या घरी पॉडकास्ट

प्रश्न : दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये रेकॉर्डिंग करतो. चांगला कंडेन्सर माइक घेतला, तरी आवाज घुमतो आणि मागे घरघर येते. याहून महाग माइक घ्यावा का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : नको, पैसे वाचवा. आवाज घुमतो तो खोलीमुळे. फरशी, गुळगुळीत भिंती आणि खिडकीच्या काचा यांवर आपटून तो परत येतो, आणि संवेदनशील कंडेन्सर माइक तो परतलेला आवाजही टिपतो. महाग कंडेन्सर हेच आणखी स्पष्ट टिपेल. अशा घरात साधा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा) डायनॅमिक (कमी संवेदनशील) माइक जास्त उपयोगी पडतो. तो तोंडाजवळ धरावा लागतो, आणि त्यातच त्याचा फायदा आहे. तोंडापासूनचं अंतर ३० सेंटीमीटरवरून १५ वर आणलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र आहे तेवढाच राहतो.

तुमच्याकडे आहे त्या माइकवरही आधी हे करून बघा. तोंड आणि माइक यांत चार ते सहा बोटं अंतर ठेवा. माइक तोंडासमोर सरळ न धरता थोडा बाजूला, तिरका ठेवा, म्हणजे प, फ, भ उच्चारताना हवेचा झोत त्यावर आदळत नाही. कार्डिऑइड माइकला पाठीमागचं कमी ऐकू येतं, म्हणून त्याची पाठ खिडकीकडे करा. गोधडी किंवा जाड रजई मात्र माइकमागे नव्हे, तर बोलणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. माइकचं तोंड त्या दिशेला असतं. बरेच जण नेमकं उलटं करतात.

घरघर पंख्याची असेल तर पंखा बंद करून वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत बोला. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर ती थांबली, तर ती विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण आहे. मग रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा. सुरुवातीला ३० सेकंद गप्प राहून खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवा. गोंगाट काढताना नमुना म्हणून ती लागते, आणि कापलेल्या जागा भरायलाही.

रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान खेळू द्या. शून्याला टेकून फाटलेला आवाज नीट दुरुस्त होत नाही. संपादनात आधी गोंगाट कमी करा, तोही ६ ते ९ डेसिबलच. त्याहून जास्त केला की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. मग ८० हर्ट्‌झखालचं कापा, त्यानंतर कॉम्प्रेशन (मोठा आणि हळू आवाज यांतला फरक कमी करणं), आणि शेवटी एकूण पातळी उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप). ॲपल हीच पातळी सुचवतं, आणि आवाजाचं टोक उणे १ डेसिबलच्या वर जाऊ नये असंही सांगतं. कॉम्प्रेशन आधी केलंत तर दबलेला गोंगाट वर येतो. हे सगळं ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये होतं.

प्रश्न : पाहुण्या न्यू जर्सीत राहतात. व्हिडिओ कॉलवर रेकॉर्ड केलं की त्यांचे शब्द मध्येच तुटतात. (वाचक, पुणे)

उत्तर : कॉल फक्त बोलण्यासाठी ठेवा, रेकॉर्डिंग दोघांनी आपापल्या ठिकाणी करा. पाहुण्यांनी लॅपटॉपवर इयरफोन लावून बोलावं आणि दुसरा फोन विमान मोडवर टाकून, रेकॉर्डर चालू करून, तोंडाजवळ ठेवावा. इयरफोन हवेतच, नाहीतर तुमचा आवाज त्यांच्या फाइलमध्ये शिरतो आणि तो वेगळा काढता येत नाही. कॉलचं रेकॉर्डिंगही चालू असू द्या. फोनने दगा दिला तर तेवढाच आधार राहतो.

सुरू करताना दोघांनी 'एक, दोन, तीन' म्हणून टाळी वाजवा, आणि संपतानाही वाजवा. शेवटची टाळी बहुतेक जण विसरतात, पण खरी गरज तिचीच. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. तासाभराच्या गप्पांत ही तफावत जाणवण्याइतकी होऊ शकते, आणि मग पाहुण्यांचं हसू तुमच्या विनोदाच्या आधीच ऐकू येतं. दोन्ही फाइलींतलं टाळ्यांमधलं अंतर मोजा आणि पाहुण्यांची फाइल तेवढी ताणा किंवा आखडा. किंवा दर दहा मिनिटांनी एखाद्या विरामात ती किंचित सरकवा. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते, दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्‌झच ठेवा. ४४.१ ची फाइल प्रोग्रॅमने ४८ ची समजून वाजवली तर माणूस जवळपास ९ टक्के भरभर आणि बारीक आवाजात बोलू लागतो.

४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, मोनो वेव्ह फाइल तासाला साधारण ५२० एमबी होते. ती ड्राइव्हवरून मागवा. व्हॉइस मेसेज म्हणून मागवू नका, त्यात आवाज दाबला जातो. वेळ ठरवताना हेही बघा : त्यांचे सकाळचे ८ म्हणजे मार्च ते नोव्हेंबर आपले संध्याकाळचे साडेपाच, आणि एरवी साडेसहा.

प्रश्न : मराठी कथा वाचून दाखवायच्या आहेत. लेखकाला श्रेय दिलं की पुरे ना? सुरुवातीला जुन्या गाण्याचे १० सेकंद चालतील? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही चालणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६० अखेरपर्यंत आहे. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा. मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात.

परवानगी लेखी घ्या. तिच्यात श्राव्य वाचन, इंटरनेटवर, जगभर, किती वर्षं, मोफत की पैसे घेऊन, हे सगळं यायला हवं. प्रकाशकाने हो म्हटलं तरी त्याच्याकडे श्राव्य हक्क आहेत का, ते विचारा. करार फक्त छापील पुस्तकाचा असेल तर वारसांकडेच जावं लागेल. गाण्याबाबत 'इतके सेकंद माफ' असा नियम कायद्यात नाही, आणि ध्वनिमुद्रण, शब्द व चाल यांचे हक्क वेगवेगळे असतात. त्यापेक्षा ओळखीच्या पेटीवादकाकडून नवी चाल बांधून घ्या आणि त्याला मानधन द्या.

प्रश्न : भागाला शंभरच्या आसपास डाउनलोड होतात. जाहिरात कशी मिळेल? (वाचक, नाशिक)

उत्तर : जाहिरातीचे दर हजार डाउनलोडमागे ठरतात, तेव्हा त्या वाटेने आत्ता काही हाती लागणार नाही. गावातलं पुस्तकांचं दुकान किंवा शिकवणीवर्ग पूर्ण मोसमाची ठरावीक रक्कम देतो का, ते विचारा. आकड्यांची तुलना करायची तर प्रत्येक भागाचे पहिल्या ३० दिवसांचेच घ्या. डाउनलोड म्हणजे ऐकणं नव्हे. ॲपल आणि स्पॉटिफायच्या डॅशबोर्डवर लोक कितव्या मिनिटाला सोडून जातात ते दिसतं. तो आलेख फार मोलाचा आहे. शंभरातले सत्तर जण शेवटपर्यंत थांबत असतील तर पॉडकास्ट उत्तम चालला आहे, असं आम्ही ठामपणे म्हणू.

प्रश्न : दर आठवड्याचा भाग आता झेपत नाही. बंद करून पुढे कधीतरी पुन्हा सुरू केला तर? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : बंद करू नका, मोसम पाडा. ४० मिनिटांच्या भागाच्या संपादनालाच तीन-चार तास जातात. नोकरी सांभाळून दर आठवड्याला ते करणं फार अवघड आहे. आठ भागांचा मोसम, पंधरवड्याला एक भाग, आणि पहिला भाग प्रसिद्ध करण्याआधी तीन तयार. मोसम संपताना पुढचा कधी येणार ते श्रोत्यांना सांगा, त्यांना वाट बघायला आवडतं.

मधल्या काळात होस्टिंगचे (भाग इंटरनेटवर ठेवणाऱ्या कंपनीचे) पैसे थांबवणार असाल तर आधी दुसरीकडे हलवा. खातं संपलं की आरएसएस फीड (ॲपांना भाग पुरवणारा दुवा) मरतं आणि सगळ्या ॲपांतले श्रोते तुटतात. नव्या ठिकाणी जुनं फीड आयात करा, सगळे भाग आलेत का तपासा, मग जुन्या कंपनीकडून ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळण) लावून घ्या. तो किमान महिनाभर राहू द्या. प्रत्येक भागाचा जीयूआयडी (त्याची कायमची ओळखखूण) बदलू देऊ नका, नाहीतर ॲपमध्ये जुने सगळे भाग नवे म्हणून पुन्हा येतात.