आजोबांच्या वस्तऱ्याला घरी धार कशी टिकवावी?

तुम्ही विचारलंय की आजोबांचा वस्तरा वापरताय, पण साताऱ्याच्या पावसात त्यावर गंजाचे ठिपके येतात आणि धारही लवकर जाते.

जुने वस्तरे बहुधा कार्बन पोलादाचे, ओलावा त्यांना सोसत नाही. पातं सगळेच पुसतात, पण खरं पाणी मुठीच्या खिळ्यापाशी दडून बसतं. तिथे सुती कापडाची वात सरकवून टिपा आणि लगेच मिटू नका. पावसाळाभर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर फिरवा. खोबरेल नको, थंडीत गोठतं.

दर दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर ४०-५० फेऱ्या. पात्याची पाठ (जाड कड) पुढे, धार मागे. टोकाशी पोचलं की पातं पाठीवरूनच उलटायचं, नाहीतर पट्टा कापलाच म्हणून समजा. पट्टा ताणलेला, हात हलका. माझा पट्टा ढिला राहायचा आणि धार गोल व्हायची, हे उमगायला मला बरेच महिने लागले.

केस ओढले जायला लागले तरच धार लावायचा दगड काढा: ८००० ग्रिटचा (म्हणजे अगदी बारीक कणांचा), ओला, पाठ-धार दोन्ही टेकवून, इथे मात्र धार पुढे. सुऱ्या-विळ्यांना धार लावणाऱ्याच्या फिरत्या चाकावर कृपा करून देऊ नका. तापून पोलादाचं पाणी (म्हणजे कडकपणा) उतरतं, ते घरी परत चढवता येत नाही.