डॅनिश 'स्पीसे' (खाणे) हे क्रियापद आलं कुठून?

मूळ लॅटिन, आणि त्याचा अर्थ होता पैसे मोजणे. 'एक्स्पेंडेरे' म्हणजे वजन करून देणे. त्यावरून 'एक्स्पेन्सा', म्हणजे खर्च. मध्ययुगीन लॅटिनमध्ये सुरुवातीचा 'एक्' आणि 'स'च्या आधीचा 'न' गळून 'स्पेसा' उरलं. जुन्या जर्मनने ते उचललं तेव्हा दीर्घ 'ए'चा 'ई' झाला: 'स्पीसा'. अर्थही सरकला: खर्च, मग शिधा, मग अन्न. इटालियनमध्ये 'स्पेसा' आजही खर्चच आहे, किराणा खरेदीसुद्धा.

डॅनिशमध्ये हा शब्द मध्ययुगात उत्तर जर्मनीच्या लो जर्मन भाषेतून आला. हान्सा संघाच्या व्यापाऱ्यांची ती भाषा, आणि तिने डॅनिशला शेकडो रोजचे शब्द दिले.

त्याआधी खाण्यासाठी 'एदे' हे अस्सल नॉर्डिक क्रियापद होतं. संस्कृत 'अद्' त्याचं सख्खं भावंड. आपलं 'अन्न' त्याच धातूचं. 'स्पीसे' आल्यावर 'एदे'ची पत घसरली. आता गाय 'एदे' करते, माणूस 'स्पीसे'. माणसाला 'एदे' लावलं की ते 'हादडतो'च्या जवळ जातं, तेव्हा पाहुण्यांबद्दल वापरू नका. गंमत म्हणजे शेजारच्या स्वीडिशमध्ये तोच जुना शब्द, 'एता', अजूनही साध्या खाण्यासाठी चालतो.

इंग्रजी 'स्पाइस'शी मात्र याचा संबंध जोडू नका. तो लॅटिन 'स्पेशिएस'वरून, म्हणजे 'प्रकार' या अर्थाच्या शब्दावरून आला. खरं नातं आहे ते 'स्पेंड'शी.