केंटला येताय? लेकीच्या क्रिकेटबद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पत्नीला इंग्लंडात केंटमधल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली आहे, मार्चमध्ये निघताय, लेक बारा वर्षांची आहे आणि पुण्यात अकादमीत ऑफस्पिन टाकते. केंटच्या महिला टीमचा इतिहास काय, मोठ्या खेळाडू कोण, आणि इथे राहिल्यावर लेकीला त्या टीमपर्यंत वाट मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. घरभाडं आणि डाळ-तांदळाचे भाव विचारणारे मला नेहमी भेटतात. हे विचारणारे तुम्ही पहिले, त्यामुळे जरा लांबण लावते. मी मूळची साताऱ्याची, गेली अकरा वर्षं मेडस्टोनला आहे. माझी मुलगी इथल्याच क्लबात वाढली आणि तिच्यामागे फिरता फिरता मी स्कोअरर झाले.

आधी कडू गोष्ट सांगून टाकते. महिला क्रिकेटमध्ये केंटइतकं मोठं नाव क्वचितच कुठल्या काउंटीचं (काउंटी म्हणजे इथला जिल्हा, क्रिकेटची टीमही त्याच नावाची) असेल, पण आज पगारी क्रिकेटचा दरवाजा केंटमध्ये नाही. तो शेजारी सरे काउंटीत, लंडनच्या ओव्हलवर आहे. असं का झालं, ते इतिहास सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

केंटवाले गोष्टीची सुरुवात दोनशे वर्षांपूर्वीपासून करतात. तेव्हा चेंडू काखेखालून टाकायचे. कँटरबरीजवळच्या जॉन विल्स नावाच्या खेळाडूला घरी सरावासाठी बहीण, ख्रिस्टिना, गोलंदाजी करायची. घेरदार घागऱ्यात हात अडकतो म्हणून ती तो बाजूने फिरवून टाकायला लागली आणि भावाने ते उचललं, असं सांगतात. त्या काळात घागऱ्याला एवढा घेर नव्हताच, असं म्हणून इतिहासकार नाक मुरडतात. पण १८२२ साली लॉर्ड्सवर केंटकडून खेळताना विल्सचा तसा हात फिरवून टाकलेला चेंडू पंचांनी नोबॉल दिला आणि तो रागाने मैदान सोडून घोड्यावर बसून निघून गेला, ही गोष्ट मात्र प्रसिद्ध आहे. पुढे तीच पद्धत कायदेशीर झाली. बहिणीच्या नावाने काही झालं नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्या काळाकडे येऊ. महिलांची काउंटी चॅम्पियनशिप १९९७ मध्ये सुरू झाली. पहिली सहा वर्षं यॉर्कशायरने कुणाला हात लावू दिला नाही, मग तीन वर्षं ससेक्सने. केंटचं पहिलं विजेतेपद २००६ चं. त्यानंतर २००७, २००९, २०११, २०१२, २०१४, २०१६ आणि २०१९. एकूण आठ, सगळ्यांत जास्त. २०१९ नंतर ती स्पर्धाच बंद झाली, म्हणजे शेवटचा चषकही केंटचाच. आणि यातला बहुतेक काळ या बायका पगाराविना खेळल्या. इंग्लंडच्या महिला खेळाडूंना पूर्णवेळ करार मिळाले ते २०१४ मध्ये, तेही अठरा जणींना. बाकीच्या नोकरी, कॉलेज, शिकवण्या सांभाळून रविवारी मैदानावर हजर.

या सगळ्याच्या मधोमध शार्लट एडवर्ड्स. ती केंटची नव्हे, हंटिंग्डनच्या बाजूची. मुलांच्या टीममध्ये खेळून मोठी झाली, सोळाव्या वर्षी इंग्लंडकडून उतरली, तेव्हा बायका स्कर्ट घालून खेळत. २००० च्या सुमारास केंटला आली आणि मग सोळा-एक वर्षं केंटची टीम म्हणजे एडवर्ड्स असंच समीकरण होतं. २००९ चा विश्वचषक इंग्लंडने तिच्याच नेतृत्वाखाली जिंकला.

तुम्ही पुण्याचे म्हणून एक किस्सा. सप्टेंबर २०२२ मध्ये कँटरबरीला, केंटच्या मुख्य मैदानावर, भारत-इंग्लंड महिला वनडे होती. हरमनप्रीतने १११ चेंडूंत नाबाद १४३ मारले, भारताच्या ३३३ झाल्या, ती मॅच. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक सत्तरीच्या बाई होत्या. गुडघ्यावर गोधडी, थर्मासमध्ये चहा, मांडीवर स्वतःची स्कोअरबुक आणि तीन रंगांची पेनं. हरमनप्रीतचा प्रत्येक चौकार लाल पेनाने. मला विचारलं, भारतात कुठल्या? सातारा त्यांना कुठून माहीत असणार, म्हणून म्हटलं, पुण्याजवळ. तर बाईंनी पेन थांबवलं आणि म्हणाल्या, "पुणे? म्हणजे लॉटीचे १७३." लॉटी म्हणजे शार्लट एडवर्ड्सचं लाडकं नाव. मी बघतच राहिले. घरी येऊन शोधलं तर खरंच. १६ डिसेंबर १९९७, विश्वचषक, स्वारगेटजवळचं नेहरू स्टेडियम, आयर्लंडविरुद्ध एडवर्ड्स नाबाद १७३. दुसऱ्या दिवशी तिचा अठरावा वाढदिवस होता. ही महिला वनडेतली सर्वांत मोठी खेळी ठरली असती, पण त्याच दिवशी मुंबईत बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ ठोकल्या. मी पुण्यात कॉलेजला होते तेव्हा त्या स्टेडियमवरून रोज बस जायची. कुणी कधी सांगितलं नाही. हीच एडवर्ड्स पुढे मुंबई इंडियन्सच्या महिला टीमची कोच झाली, २०२३ आणि २०२५ अशी दोनदा मुंबईच्या ब्रेबॉर्नवर डब्ल्यूपीएल जिंकून दिली आणि आता इंग्लंडची मुख्य कोच आहे.

तुमची लेक ऑफस्पिनर आहे, तर तिला लॉरा मार्शबद्दल वाचायला द्या. जन्म केंटमधल्या पेंबरीचा. सुरुवातीला मध्यमगती टाकायची, मग ऑफस्पिनकडे वळली आणि २००९ च्या विश्वचषकात १६ बळी घेऊन पहिल्या नंबरवर राहिली. काउंटी मात्र आधी ससेक्स, मग केंट. २०१७ ला लॉर्ड्सवर पूनम राऊतने ८६ करूनही आपण नऊ धावांनी हरलो, त्या विश्वचषकाच्या फायनलमध्येही मार्श होती. केंटचीच लिडिया ग्रीनवे डावखुरी फलंदाज, पण लोक तिची फील्डिंग बघायला यायचे.

पण माझी आवडती टॅमी बोमाँट. डोव्हरची, पोरगेली चण, जिम्नॅस्टिक्स केलेली, मुळात विकेटकीपर. इंग्लंडकडून २००९ मध्ये खेळायला लागली खरी, पण पुढची सहा-सात वर्षं कधी आत, कधी बाहेर. २०१६ मध्ये एडवर्ड्स निवृत्त झाली, सलामीची जागा रिकामी झाली आणि बोमाँटने टाँटनला पाकिस्तानविरुद्ध नाबाद १६८ केल्या. २०१७ च्या विश्वचषकात ४१० धावा आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू. २०२३ मध्ये ट्रेंट ब्रिजला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटीत २०८, इंग्लंडच्या बाईचं पहिलं द्विशतक. चौदा-पंधराच्या मुली 'मला का नाही घेतलं' म्हणून गाडीत मागच्या सीटवर रडतात, तेव्हा आमच्याकडे बोमाँटचं नाव निघतं. दर वेळी उपयोग होतोच असं नाही.

आता ते दरवाजाचं. २०२० मध्ये इंग्लंड बोर्डाने काउंट्या बाजूला ठेवून आठ विभागीय टीम केल्या. केंट आणि सरे मिळून साउथ ईस्ट स्टार्स झाले, २०२१ ची टी-ट्वेंटी स्पर्धाही जिंकले. ॲलिस डेव्हिडसन-रिचर्ड्स त्यातलीच, टनब्रिज वेल्सची. २०२२ मध्ये तिने कसोटी पदार्पणात शतक केलं. मग २०२५ पासून पुन्हा काउंट्या आणल्या, पण पहिल्या श्रेणीत सुरुवातीला आठच. या भागातून सरेची निवड झाली, केंट दुसऱ्या श्रेणीत गेलं. आठ वेळची विजेती काउंटी दुसऱ्या श्रेणीत! इथल्या जुन्या लोकांच्या घशाखाली हे अजून उतरलेलं नाही. मला विचाराल तर पैशाच्या हिशोबाने निर्णय समजतो. ओव्हलची गर्दी कँटरबरीला जमणार नाही. पण मॅच संपल्यावर मुलींना बॅटवर सही हवी असते, तेव्हा सही देणारी खेळाडू आता तासभर लांब असते. २०२५ ची महिलांची टी-ट्वेंटी ब्लास्ट सरेनेच जिंकली.

म्हणून माझा सल्ला असा. सरेचं बघून घर घेऊ नका आणि केंटच्या नावावर भाळूनही नका. हॉस्पिटल आणि शाळा बघून घर घ्या, मग तिथून चालत किंवा सायकलने जाता येईल असा, मुलींची स्वतंत्र टीम असलेला क्लब शोधा. हा शेवटचा मुद्दा धरून ठेवा. 'मुलीही येतात आमच्याकडे' म्हणणारे क्लब पुष्कळ, पण तिथे एकटीला मुलांच्या टीममध्ये दहाव्या नंबरवर उभं करतात. आमचं पहिलं वर्ष तसंच गेलं. क्लबचं नाव घेत नाही, पण अख्ख्या उन्हाळ्यात तिला चार ओव्हर मिळाल्या.

शहाण्या मुली मुलांमध्येही खेळतात आणि मुलींमध्येही. क्लबची ज्युनियर संध्याकाळ बहुतेक शुक्रवारी असते, एप्रिलपासून. क्लबचा कोच नाव सुचवतो, काउंटीच्या वयोगटाच्या चाचण्या होतात, निवड झाली की हिवाळाभर इनडोअर नेट्स. केंटची ही शिडी पहिल्या श्रेणीवाचूनही चालू आहे आणि चांगल्या मुलींवर सरेचं लक्ष असतंच. मार्चमध्ये पोचलात तर सीझन अगदी वेळेवर गाठाल. ग्रामर शाळेचं (परीक्षा घेऊन प्रवेश देणारी सरकारी शाळा) मनात असेल तर तिचं अकरा वर्षांचं प्रवेशाचं वय निघून गेलंय, वरच्या वर्गात जागा असेल तरच. शाळांना थेट विचारा.

गाडी लागेल. पहिल्या वर्षी आम्ही गाडीशिवाय काढलं आणि रविवारी सकाळी किटबॅग घेऊन बसस्टॉपवर उभं राहून लेकीचा टॉस दोनदा चुकला. केंटचं बेकनहॅमचं मैदान तर आमच्याकडून तासावर आहे.

किट तिकडूनच आणा, बॅट आणि पॅड स्वस्त पडतात. हेल्मेट मात्र ब्रिटिश मानकाचा शिक्का बघूनच घ्या. खिळ्यांचे बूट एक नंबर मोठे आणा, कारण एप्रिलमध्ये आत दोन मोजे घालावे लागतात. आणि ऑफस्पिनरला आधीच सांगून ठेवा: सुरुवातीचे दोन महिने चेंडू ओला साबण असतो, बोटांत धरवत नाही. माझी मुलगी खिशात कोरडा रुमाल ठेवते, दर चेंडूला पुसते.

हॉस्पिटल कुठल्या गावात आहे ते कळवा, म्हणजे जवळचे दोन-तीन क्लब सुचवते.