"सही मी केली, म्हणजे आईला मीच मारलं का?"

फुप्फुसाच्या कर्करोगाने आई गेली. शेवटचे दोन दिवस तिला मिडाझोलाम देऊन झोपवून ठेवलं होतं. संमतीपत्रावर सही मुलीची. महिन्याभराने समुपदेशनाला आली, ती हा एकच प्रश्न घेऊन.

"असं मनात आणू नका ताई" म्हटल्याने बोलणं थांबतं, शंका तशीच राहते. म्हणून औषधांच्या नोंदी मागवल्या आणि उपशामक काळजीच्या (आजार बरा होणार नसताना त्रास कमी करणाऱ्या) डॉक्टरांसह तिच्यासमोर तासातासाने वाचल्या.

आई कोणाला ओळखत नव्हती, ऑक्सिजनची नळी ओढत होती, धाप थांबत नव्हती. आधी इतर कारणं तपासली होती : लघवी तुंबली आहे का, पोट साफ नाही का, वेदनेसाठी दिलेलं मॉर्फिन शरीरात साठतंय का. भ्रम आणि तळमळ कमी करणारं हॅलोपेरिडॉल देऊन झालं, तरी तळमळ तीच. इतके उपाय थकल्यावरच मिडाझोलाम आलं. त्वचेखाली २.५ मिलिग्रॅम, मग पंपाने तासाला १ मिलिग्रॅम. काही तासांनी कण्हणं आणि कपाळावरच्या आठ्या दिसल्या, म्हणून २. त्यानंतर चेहरा निवळला आणि मात्रा शेवटपर्यंत २ वरच राहिली.

तिच्या प्रश्नाचं उत्तर या आकड्यातच होतं. मरण आणायचं असतं, तर आई शांत झाल्यावरही मात्रा चढवली गेली असती. इथे त्रास थांबला तिथे मात्राही थांबली. अशा गुंगीने मृत्यू लवकर आल्याचं आजवरच्या तुलनात्मक अभ्यासांत आढळलेलं नाही. नोंदींत कारणाशिवाय वाढलेली मात्रा दिसली असती, तर हे उत्तर देता आलं नसतं.

मॉर्फिन का चालू ठेवलं, हेही तिने विचारलं. गुंगीने वेदना जात नाही, म्हणून. उलट, झोपवण्यासाठी मॉर्फिन वाढवणं चूक. त्याने झटके येतात, भ्रम वाढतो. सलाईन द्यायचं का, हा निर्णय गुंगीपासून वेगळा घ्यायचा असतो. आईचं गिळणं आधीच बंद झालं होतं, आणि शेवटच्या दिवसांत जास्त पाण्याने सूज आणि घशातली घरघर वाढू शकते. तोंड मात्र वरचेवर ओलं केलं होतं.

खरा नैतिक पेच वेगळ्या ठिकाणी असतो. मृत्यूला अजून काही आठवडे असतील, तर सलग गुंगीत अन्नपाणी थांबल्यानेच मरण ओढवू शकतं. त्रास केवळ मानसिक असेल, तर तो खरोखर असाध्य आहे का, हे ठरवणं अवघड. अशा वेळी आधी ठरावीक तास झोपवून जागं करावं, त्रास पुन्हा जोखावा.

इतकं ऐकल्यावर ती रडली आणि म्हणाली, "निरोप घ्यायचा राहिला." हे शल्य नोंदींनी जाणारं नव्हतं, पुढच्या भेटी त्यावरच झाल्या. सही केली त्या रात्री आई ओळखण्यापलीकडे गेलेली होती. निरोपाची वेळ त्याआधीची, आणि ती सांगणं उपचार करणाऱ्यांचं काम होतं.

घरात असा पेशंट असेल, तर शुद्ध आहे तोवरच डॉक्टरांना विचारा : कोणत्या त्रासासाठी झोपवणार, आधी काय करून पाहिलं, मात्रा कशावरून वाढवणार, फेरविचार कधी करणार, आणि बोलून घ्यायला किती अवधी आहे.