बँड बिघडलेला नाही, सेवा बंद झाली आहे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सांगलीत राहणारी, ६४ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. २०१८ मध्ये मधुमेहाचे निदान झाले, तेव्हा मुलाने मला एक साधा फिटनेस बँड आणून दिला. त्याचा पडदा काळा-पांढरा आहे, भर उन्हातही त्यावरचे आकडे स्वच्छ दिसतात, एकदा चार्ज केला की आठवडाभर त्याच्याकडे पाहावे लागत नाही आणि पावले, अंतर व वेळ यांपलीकडे तो मला काही सांगत नाही. पहाटे आयर्विन पुलापर्यंत चालत जाऊन येण्याचा माझा नेम या बँडच्या सोबतीनेच टिकला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आम्ही मिरजेला नातेवाइकांकडे होतो, त्या दिवसांची नोंद जवळजवळ कोरी आहे. टाळेबंदीत गच्चीवर घातलेल्या फेऱ्या मात्र एकूण एक नोंदलेल्या आहेत. माझे डॉक्टर दर तीन महिन्यांनी रक्तातील साखरेच्या अहवालाशेजारी हा आलेख ठेवून पाहतात. कंपनीने हे मॉडेल विकणे आधीच थांबवले होते. आता तीन महिन्यांनी अ‍ॅपही बंद होणार असल्याचा संदेश आला आहे आणि त्यासोबत नव्या मॉडेलवर २० टक्के सवलतीचे कूपन आले आहे. ते मॉडेल मी दुकानात पाहिले. त्यावर फोन येतात, संदेश येतात, ते रोज रात्री चार्जिंगला लावावे लागते आणि बाहेर उन्हात त्यावरचे काही वाचता येत नाही. ग्राहक सेवेला फोन केला, तर ‘मॅडम, नवीन घेऊन टाका’ एवढेच उत्तर मिळाले. माझा बँड बिघडलेला नाही. मग तो मी का टाकून द्यावा, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या नोंदींचे काय होणार?

उत्तर : सप्रेम नमस्कार. ‘माझा बँड बिघडलेला नाही’ हे आपले वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण या तक्रारीचे मूळ तिथेच आहे. आपण पैसे मोजून एक वस्तू घेतली, असे आपल्याला वाटत होते. प्रत्यक्षात वस्तू आणि सेवा अशा दोन गोष्टी एकत्र घेतल्या गेल्या आणि त्यांतील दुसरी किती वर्षे मिळेल, हे खोक्यावर कुठेही लिहिलेले नव्हते. मनगटाची हालचाल टिपणारा संवेदक आणि पावले मोजणारी गणिते बँडच्या आतच असतात, त्यामुळे अ‍ॅप बंद झाल्यावरही बहुतेक बँड पावले मोजत राहतात. परंतु बँडची स्मरणशक्ती लहान असते. त्यात काही दिवसांच्याच नोंदी मावतात. त्या ब्लूटूथने फोनवर आणि तिथून कंपनीच्या सर्व्हरवर गेल्या, तरच आलेख बनतो. म्हणून आपल्या बाबतीत आज धोक्यात आहे ती आपली वही, म्हणजे इतक्या वर्षांच्या नोंदी. बँडचा विचार त्यानंतर करू.

त्यामुळे पहिले काम याच आठवड्यात करावे, मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये, बहुधा ‘अकाउंट’ किंवा ‘प्रायव्हसी’ या भागात, आपली माहिती उतरवून घेण्याची सोय असते. फाइल तयार करून तिची लिंक ईमेलने पाठवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे आणि त्याला कधी दोन-तीन दिवसही लागतात. फाइल सीएसव्ही प्रकारात मिळाली, तर ती कोणत्याही संगणकावर तक्त्यासारखी उघडते. ती नुसती उतरवून ठेवू नका, उघडून पाहा. पहिली तारीख २०१८ मधली आहे ना, महापुराचे ते कोरे दिवस दिसतात ना, गच्चीवरच्या फेऱ्या आल्या आहेत ना, हे डोळ्यांखालून घाला. आपल्याला ते दिवस पाठ आहेत, म्हणून ही तपासणी आपल्याइतकी नेमकी दुसरे कोणी करू शकणार नाही. मग त्या फाइलची एक प्रत मुलाकडे, एक पेनड्राइव्हवर आणि महिनावार सरासरीचा एक छापील कागद डॉक्टरांच्या फाइलमध्ये ठेवावा. अ‍ॅपमध्ये अशी सोय सापडलीच नाही, तर कंपनीला ईमेल करून नोंदी मागाव्यात आणि तोवर महिन्यामहिन्याच्या आलेखाचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. काम कंटाळवाणे आहे, पण नातवंडे मदतीला असतील तर एका दुपारी होईल.

दुसरी सूचना मी अगदी कळकळीने करतो. बँड नीट चालत असताना तो ‘रीसेट’ करू नका, फोनपासून त्याची जोडणी तोडू नका आणि अ‍ॅप काढून टाकू नका. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आपला बँड विकणे थांबवले आणि ३१ मे २०१९ रोजी त्याची अ‍ॅप व संकेतस्थळावरील सेवा बंद केली. त्या वेळी कंपनीनेच कळवले होते की, रोजची पावले, नाडीचे ठोके, गजर अशा गोष्टी बँडवर पुढेही चालतील, पण एकदा का बँड रीसेट केला की तो पुन्हा सुरू करून घेता येणार नाही. कारण नव्याने जोडणी करण्यासाठी जो सर्व्हर लागतो, तोच उरलेला नसतो. दुकानदार किंवा ग्राहक सेवेतील माणूस सवयीने ‘एकदा रीसेट करून बघा’ असे सांगतो, तेव्हा हे लक्षात असू द्यावे.

कंपनीचे अ‍ॅप गेल्यावरही बँड वापरता येतो का, याचे उत्तर आपल्या मॉडेलवर अवलंबून आहे. गॅजेटब्रिज नावाचे एक मोफत अ‍ॅप स्वयंसेवकांनी तयार केले आहे. ते अँड्रॉइड फोनवर चालते, अनेक जुन्या-नव्या बँडांशी थेट बोलते, त्यासाठी खाते उघडावे लागत नाही आणि नोंदी आपल्या फोनमध्येच राहतात. ते नेहमीच्या प्ले स्टोअरवर शोधू नका. एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅपच्या भांडारातून ते घ्यावे लागते. त्यांच्या यादीत आपले मॉडेल आहे का, हे मुलाकडून आजच पाहून घ्या. ‘आजच’ म्हणण्याचे कारण असे की, काही बँडांना जोडणीसाठी एक गुप्त किल्ली लागते आणि ती कंपनीच्या खात्यातूनच मिळवावी लागते. सर्व्हर चालू आहे तोवर ती काढून कागदावर लिहून ठेवता येते. नंतर हात चोळत बसावे लागते.

आपल्यासारखी हळहळ जगभर अनेकांनी अनुभवली आहे. पेबल या घड्याळासाठी २०१२ मध्ये ६८ हजारांहून अधिक लोकांनी वस्तू हातात पडण्यापूर्वीच मिळून १ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली होती. त्याचाही पडदा उन्हात वाचता येणारा होता आणि चार्जिंग अनेक दिवस पुरत असे. डिसेंबर २०१६ मध्ये ती कंपनी बंद झाली, तिचा बराचसा ऐवज फिटनेस बँड बनवणाऱ्या फिटबिट या कंपनीने विकत घेतला आणि ३० जून २०१८ नंतर मूळ सेवा थांबली. परंतु वापरणारे हरले नाहीत. त्यांनी ‘रेबल’ या नावाने पर्यायी सेवा उभी करून ती घड्याळे जिवंत ठेवली. पुढे फिटबिट गूगलकडे गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलची मूळ प्रणाली सर्वांसाठी खुली केली. लोकांच्या चिकाटीमुळे एखादी बंद पडलेली वस्तू अशी परत आल्याची उदाहरणे थोडी आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

बॅटरीविषयी मात्र खोटी आशा दाखवणार नाही. अशा बॅटऱ्या साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज केल्यावर उतरू लागतात. आपण आठवड्यातून एकदाच चार्ज करता, म्हणजे वर्षाला सुमारे ५२ वेळा, त्यामुळे आपला बँड इतका टिकला. तरीही बॅटरी वयानेही थकते, आणि हे बँड पाणी आत जाऊ नये म्हणून डिंकाने चिकटवलेले असतात. ते उघडून पुन्हा बंद करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ठरतो. चार्जर आणि पट्टा यांची एक-एक जादा जोडी अजून कुठे मिळत असेल, तर घेऊन ठेवा.

नवा बँड घ्यायची वेळ आलीच, तर जुना चालू असतानाच तो घ्यावा आणि निदान दोन आठवडे एका मनगटावर एक असे दोन्ही बांधावेत. प्रत्येक कंपनीचे गणित वेगळे असते, त्यामुळे तेच अंतर चाललात तरी आकडे जुळत नाहीत. मी स्वतः असे बदलले, तेव्हा गच्चीवर तोंडाने मोजत १,००० पावले चाललो होतो. एका बँडने ९६० दाखवली आणि दुसऱ्याने १,०७०. हा फरक डॉक्टरांना सांगितला नाही, तर आपले चालणे अचानक वाढले किंवा घटले, असा त्यांचा गैरसमज होऊ शकतो. आणि दुकानात जाल तेव्हा पडदा उन्हात नेऊन पाहा, खाते न उघडता बँड चालतो का ते विचारा आणि नोंदी उतरवून घेता येतात का, हे तिथेच दाखवायला सांगा. कूपन हातात आहे म्हणून त्याच कंपनीकडे परत जाण्याचे काहीच कारण मला दिसत नाही.

प्रश्न : मी ठाण्यात राहतो. चार महिन्यांपूर्वी ऑनलाइन सेलमध्ये एक फिटनेस बँड घेतला. उत्पादनाच्या माहितीत झोपेचा अहवाल आणि साप्ताहिक आलेख ठळकपणे दाखवले होते. आता कंपनीने मॉडेल आणि अ‍ॅप दोन्ही बंद केले असून आलेख दिसतच नाहीत. कंपनी म्हणते की, वॉरंटी फक्त यंत्राच्या बिघाडाची आहे. मला काही दाद मागता येईल का?

उत्तर : येईल, आणि आपण ती मागावी असे माझे स्पष्ट मत आहे. सांगलीच्या भगिनींना वस्तूचा अनेक वर्षे उपयोग मिळाला, त्यामुळे त्यांची कायदेशीर बाजू दुबळी आहे; आपली तशी नाही. जी वैशिष्ट्ये दाखवून वस्तू विकली, ती चार महिन्यांत नाहीशी झाली, तर प्रश्न सेवेतील त्रुटीचा आणि विक्रीच्या वेळी माहिती दडवल्याचा होतो. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये या दोन्ही अंगांनी तक्रार करता येते.

आधी बिल, उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि सेवा बंद झाल्याचा संदेश जपून ठेवा. नंतर कंपनी आणि विक्रेता अशा दोघांनाही ईमेल करून पूर्ण रक्कम परत मागा व पंधरा दिवसांची मुदत द्या. उत्तर समाधानकारक नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. तरीही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, ५ लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, वकील देणे बंधनकारक नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. निकाल पुराव्यावर ठरेल, पण पत्रात एक दाखला जरूर द्या : अ‍ॅमेझॉनने २०२३ मध्ये अमेरिकेतील आपला हॅलो हा बँड बंद केला, तेव्हा आधीच्या बारा महिन्यांत तो घेतलेल्या ग्राहकांना पूर्ण रक्कम परत दिली होती. मायक्रोसॉफ्टनेही आपला बँड नियमितपणे वापरणाऱ्यांना परतावा दिला होता. म्हणजे ही मागणी अवास्तव नाही.

याच ओघात एक गोष्ट मांडतो. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटशी जोडल्या जाणाऱ्या वस्तूंना सुरक्षा-अपडेट निदान किती काळ मिळतील, हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, ते चांगलेच आहे; परंतु सुटा भाग मिळूनही अ‍ॅपच नसेल, तर दुरुस्त झालेला बँड करायचा काय? औषधाच्या पाकिटावर जशी अंतिम तारीख असते, तशी ‘सेवा अमुक तारखेपर्यंत’ ही ओळ अशा प्रत्येक खोक्यावर असलीच पाहिजे.

प्रश्न : मी नाशिकचा वाचक आहे, वय ५२. बँडचे अ‍ॅप बंद पडल्यापासून महिनाभर मी चाललोच नाही. १०,००० पावले झाल्याचे दिसले नाही, तर चालणे वाया गेल्यासारखे वाटते. काय करावे?

उत्तर : आपली अडचण खरी आहे, रोज मिळणारी शाबासकी एकाएकी थांबली की पाय जड होतात. मात्र १०,००० हा आकडा वैद्यकशास्त्राने घालून दिलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचे पावले मोजायचे यंत्र विक्रीला आले. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा आहे आणि तिथूनच तो आकडा रूढ झाला. पुढे २०१९ मध्ये संशोधक आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचे प्रमाण त्याहून कमी चालणाऱ्यांपेक्षा कमी आढळले आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर आणखी फायदा दिसला नाही. तो अभ्यास वयस्कर स्त्रियांचा होता, त्यामुळे आपल्यासाठी तोच आकडा धरा, असे मी म्हणणार नाही.

आपल्या खिशातील फोनही पावले मोजतो, तूर्त तेवढे पुरेसे आहे. तेही नको असेल, तर ज्या कालनिर्णयावर आपण दुधाचे खाडे मांडता, त्याच चौकटीत चाललेली मिनिटे लिहा. आज वीस लिहा, आणि पेन तिथेच दोरीने बांधून ठेवा.