अंधारी येणं म्हणजे चक्कर नव्हे

प्रश्न असा आला : "आजी म्हणते ‘डोयापुढं अंधारी आली’, आई म्हणते ‘घेरी आली’, दवाखान्याच्या कागदावर मात्र दोघींचं ‘चक्कर’च लिहून येते आणि शेवटी सांगतात बीपी लो आहे. हे सगळे शब्द एकच आहेत का? आणि ‘बीपी लो’ला मराठीत काय म्हणायचं?"

एकच नाहीत. उलट आपल्या बोलीनं हा फरक फार नीट सांभाळून ठेवलाय, आणि आपण सगळ्यालाच चक्कर-चक्कर म्हणून तो घालवून रायलो याचं मला खरंच वाईट वाटते.

‘चक्कर’ म्हणजे चक्र, फिरणं. कूस बदलली की घर फिरते, खाट फिरते, मळमळते, माणूस म्हणते "गरगरून रायलं". यात बऱ्याच वेळा दोष आतल्या कानाचा असते, कारण तोल सांभाळायची व्यवस्था तिथं आहे. ‘अंधारी’त काहीच फिरत नाही. बसल्या जागेवरून उठलं की डोळ्यासमोर काळं येते, कानात सूं होते, पायातलं बळ जाते, कपाळावर गार घाम येते, आणि खाली बसलं की थोड्या वेळात सगळं निवळते. उठल्यावर अर्धा ते एक लिटर रक्त पायात आणि पोटात उतरते, शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळते आणि ठोके वाढवते, पण त्यात उशीर झाला का डोक्याकडं जाणारं रक्त क्षणभर कमी पडते. म्हणजे रक्तदाब कमी झाल्याचं खरं नाव आजीच्या तोंडात आहे. आयुर्वेदातही भ्रम आणि मूर्च्छा वेगवेगळ्या सांगितल्यात, आणि मूर्च्छेचा संबंध जोडलाय तो ‘तम’शी, म्हणजे अंधाराशीच!

‘भोवळ’ची गोष्ट थोडी वेगळी. ती भोवरा, भोवती यांच्याच घरातली, मूळ संस्कृत भ्रम्, म्हणजे तीही फिरणारीच. पण आज पेपरात "भोवळ येऊन कोसळला" असं वाचतो तेव्हा अर्थ शुद्ध जाण्याकडं सरकलेला असते. ‘झीट’ तर पडण्यासोबतच येते, झीट येऊन पडली. ‘घेरी’ आमच्याकडं दोन्हीला चालते, म्हणून आईला एकदा विचारा, घर फिरते का डोळ्यापुढं काळं होते.

आता बीपी. गावात "मले बीपी आहे" म्हटलं की त्याचा अर्थ एकच, बीपी वाढलेला आहे आणि गोळी चालू आहे. जसं "मले शुगर आहे". मोजायच्या गोष्टीचं नाव आजाराचं नाव होऊन बसलं, आणि घोळ इथंच होते. माझ्या आत्याचंच सांगतो. तिला बीपीची गोळी चालू होती. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची सोंगणी, सकाळपासून उकिडवं बसून विळा चालवणं, ऊन कडक, पाणी घोटभर, पेंढी उचलून उभी राहिली आणि अंधारी आली. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, सगळ्यांनी सांगितलं "बीपी झाला तुले", तिनंही तेच मानलं आणि घरी येऊन दुसरी गोळी घेतली. संध्याकाळी अंगणात पडली, कोपराला चांगलंच लागलं. आशाताईनं मशीन लावून घेतलं तर झोपून 118/76 आणि उभं केल्यावर 92/60. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला तर त्याला उभं राहताना दाब पडणं म्हणतात, आणि आत्याचे दोन्ही उतरले होते. नुसतं बसवून मोजलं असतं तर कदाचित सापडलंही नसतं. डॉक्टरनं गोळीचा डोस बदलला. आपल्या मनानं गोळी वाढवायची नाही तशी बंदही करायची नाही, हे तिला तेव्हा नीट समजावून सांगितलं.

साधारण 90/60 च्या खाली गेलं की दाब कमी म्हणतात, पण काही बारीक अंगाच्या बायांचा नेहमीच तेवढा असते आणि त्यांना काहीच होत नाही, त्याला आजार म्हणू नये. त्रास होत असेल तर कारण पाहावं लागते : हगवण, उलट्या, ऊन, पोटात अन्न नसणं, रक्त जाणं, लघवीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या, हृदयाचा त्रास. अंधारी आली की पहिले खाली बसा नाहीतर आडवे व्हा, पाय उशीवर वर घ्या, शुद्ध असेल तर पाणी, ताक, मीठ-साखरेचं निंबूपाणी द्या. सकाळी खाटेवरून उठताना आधी बसा, पाय हलवा, मग उभे राहा. मीठ वाढवायचा सल्ला सगळ्यांना लागू नाही, बीपी वाढायचा आजार, किडनी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यानं विचारूनच. छातीत दुखते, दम लागते, संडास काळी होते, शुद्ध जाते, तर निंबूपाण्यावर वेळ घालवू नका.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो, फवारणी करून आल्यावर चक्कर, मळमळ, लाळ, अंधुक दिसणं असं काही झालं तर "बीपी लो झाला असन" म्हणून झोपवू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर गेले. अशा वेळी अंगावरचे कपडे काढून अंग धुवा आणि औषधाचा डब्बा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

मराठी शब्दाचं म्हणाल तर पुस्तकात निम्न रक्तदाब, अल्प रक्तदाब, न्यून रक्तदाब असे सगळे सापडतात. ‘उच्च’ला जोड म्हणून ‘नीच’ बरं दिसत नाही म्हणून ‘निम्न’ आला असावा, पण निम्न कोणी बोलत नाही. मला ‘रक्तदाब कमी होणं’ हेच सरळ वाटते, आणि बोलताना ‘बीपी उतरला’ चालेल, फक्त ‘उतरला’ का ‘वाढला’ हे सोबत सांगाच, नुसतं ‘बीपी झाला’ नको. उतरला का उतरली यावर भांडू नका, दाब मनात असेल तर उतरला, आमच्या गावात दोन्ही ऐकू येते.

दवाखान्यात गेल्यावर आजीला तिचंच वाक्य बोलू द्या, "उठली का डोयापुढं अंधारी येते, घर नाही फिरत." आणि झाडीपट्टीतल्या कोणाकडं यासाठी आणखी वेगळा शब्द असेल तर जरूर सांगा, आमच्या वऱ्हाडाकडचे एवढेच मला माहीत आहेत.